स्वर सापडतो, बोट हरवते

इंदूरच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एक अडचण भेटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या या राजधानीत बंदेअलीखाँ हे बीनकार नांदत होते. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे हे जामात आणि किराणा परंपरेचे एक मूळपुरुष. त्यांची बीन ज्यांनी ऐकली त्यांनी तिच्याविषयी भारावून लिहिले, बोलले. परंतु त्या बीनेचा एकही नाद आज कोणाच्या कानी पडू शकत नाही. खाँसाहेबांनी अखेरचे दिवस पुण्यात काढले आणि तेथेच देह ठेवला. पुढे १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी आपल्याकडील पहिले मोठे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या मागे उरले ते शिष्य, आणि त्या शिष्यांच्या हातांत व गळ्यांत जे काही उतरले असेल तेवढेच.

याच्या अगदी उलट उदाहरण युरोपात सापडते. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे वादन १९३० नंतरच्या दशकांत शेकडो तबकड्यांवर मुद्रित झाले, आणि आजही कोणीही ते मनसोक्त ऐकू शकतो. त्यातील एकेक स्वर कागदावर उतरविणारे अभ्यासक जगभर आहेत. परंतु स्वर उतरून झाला की त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो : हा स्वर वादकाने कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्याशी, कोणत्या बोटाने काढला असेल? बंदेअलींच्या बाबतीत नाद गेला आणि हाताची परंपरा उरली. जँगोच्या बाबतीत नाद उरला आणि हात गेला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे संगीतविद्या एका पिढीकडून दुसरीकडे नेमकी कशाने जाते, याचा काही उलगडा होतो.

प्रथम अडचणीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. हार्मोनियमवर एका सप्तकातील एक स्वर एकाच पट्टीत असतो. ती पट्टी दाबली की तो वाजतो. दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही. तारेच्या वाद्याचे तसे नाही. गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली असता जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याशी, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या पडद्याशी मिळतो. एका स्वराची ही पाच घरे झाली. आता आठ स्वरांची एक लहानशी तान घ्या, आणि प्रत्येक स्वराला सरासरी तीनच घरे आहेत असे धरा. ती तान वाजविण्याच्या वाटा ६५६१ होतात. त्यांपैकी पुष्कळशा हाताला अशक्य असतात हे खरे. परंतु शक्य असलेल्याही डझनावारी उरतात. कान केवळ एवढेच सांगतो की तान अशी होती. ती कोणत्या वाटेने गेली, हे कान आपण होऊन सांगत नाही.

ही अडचण आजची नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्राच्या भूमीत लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. वीणेचे वर्णन करताना शार्ङ्गदेव केवळ स्वर सांगून थांबत नाही. उजव्या हाताचे व्यापार निराळे, डाव्या हाताचे निराळे आणि दोन्ही हातांनी मिळून करावयाचे निराळे, असे वर्ग पाडून तो त्यांना नावे देतो. कर्तरी, नखकर्तरी, स्फुरित, खसित अशी ती नावे आहेत. तार कात्रीसारख्या बोटांनी छेडली की नखाने, बोट तारेवर थरथरले की घसरत गेले, हे त्याला स्वराइतकेच नोंदण्याजोगे वाटले. ज्या शास्त्रकाराने श्रुतींची आणि तानांची एवढी काटेकोर गणना केली, त्यालाही हाताचा हिशेब वगळून वीणा पुरी सांगता येईना, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युरोपात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. १५०७ साली व्हेनिस येथे पेत्रुच्ची या मुद्रकाने ल्यूट या तंतुवाद्याचे संगीत छापले ते ‘टॅब्लेचर’ नावाच्या लिपीत. या लिपीत आडव्या रेघा म्हणजे तारा, आणि रेघेवरील आकडा म्हणजे पडदा. स्वराचे नाव तीत कोठेच येत नाही. वाचणाऱ्याने दाखविलेल्या तारेवर दाखविलेल्या पडद्याशी बोट ठेवावे, स्वर आपोआप उमटेल. ही स्थानाची लिपी झाली. पुढे पाच रेघांची स्टाफ पद्धत सर्वत्र रूढ झाली, ती स्वराची लिपी. तीत स्वर उत्तम दिसतो, परंतु स्थान लोपते. मग गिटारवाल्यांना स्वराच्या डोक्यावर डाव्या हाताच्या बोटांसाठी एक ते चार आकडे आणि तारेसाठी वर्तुळातला आकडा घालण्याची सोय करावी लागली. म्हणजे एका लिपीत जे गमावले ते टिपणांच्या रूपाने दुसऱ्या लिपीत परत आणावे लागले.

आपल्याकडे विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोन थोर पुरुषांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वरलेखन रूढ केले. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून शेकडो चिजा घराण्यांच्या कोंडीतून बाहेर पडून सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या, हे त्यांचे ऋण फिटणारे नाही. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार, आणि कमान म्हणजे मींड : एवढ्या थोड्या सामग्रीत त्यांनी केवढा संसार मांडला! परंतु ही लिपी मुख्यतः गायनासाठी घडली, आणि गळ्याला पडदे नसतात. सतारवादकांनी ती उचलली तेव्हा उजव्या हाताच्या आघातांसाठी ‘दा’, ‘रा’, ‘दिर’ हे बोल स्वरांखाली मांडले. डाव्या हाताची बोटे मात्र बहुधा गुरूच्या बैठकीतच राहिली. वहीत आली नाहीत.

तालवाद्यांतही हीच गोष्ट आढळते, आणि येथे इंदूरचा संबंध फार जवळचा आहे. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे हे होळकरांच्या दरबारी पखवाजी होते. त्यांच्यापासून पखवाजाचे एक स्वतंत्र घराणे सुरू झाले, आणि इंदूरचे सखारामपंत आगले यांच्यासारख्या शिष्यांनी ते पुढे नेले. पखवाज उघड्या पंजाने वाजतो, तबला बोटांनी. पानसे परंपरेतील रचना दोन्ही वाद्यांवर वाजू लागल्या. तेव्हा कागदावर ‘तिरकिट’ किंवा ‘तिट’ एकच असले, तरी पंजाचे ‘तिट’ आणि बोटांचे ‘तिट’ यांत अंतर पडले. दिल्लीच्या तबल्यास दोन बोटांचा बाज म्हणतात. तर्जनी आणि मध्यमा हीच त्या बाजाची मुख्य साधने. पूरबेकडे पंजाचे काम अधिक. बोल तोच, पण निकास भिन्न. म्हणूनच तबलजींच्या घरात ‘बोल काय?’ याबरोबर ‘निकास काय?’ हा प्रश्न विचारला जातो. इंदूरचे वयोवृद्ध तबलानवाज जहांगीरखाँ यांना १९५९ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. एकाहून अधिक घराण्यांची विद्या जवळ बाळगणाऱ्या अशा कलावंताचे मोल केवळ बोलांच्या संग्रहात नसते. कोणता बोल कोणत्या हाताने निघतो याचे ज्ञान त्यांच्या बोटांत साठलेले असते, आणि ते वहीतून मिळत नाही.

आता जँगो राइनहार्टकडे वळू. त्याचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जममधील लिबेर्शी या गावी झाला. तो ज्या भटक्या जमातीचा होता तिला इंग्रजीत जिप्सी म्हणतात; ते लोक स्वतःस रोमा म्हणवितात, आणि जँगोच्या शाखेचे नाव ‘मानूश’. हा शब्द मराठी वाचकास परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा अर्थ ‘माणूस’ असाच आहे. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातील आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंडितांनी सिद्ध केले. येक, दुई, त्रिन अशी ते मोजणी करतात, आणि हाताला ‘वस्त’ म्हणतात. हा आपला ‘हस्त’.

हा जँगो अक्षरशत्रू होता म्हटले तरी चालेल, आणि संगीताची लिपी तर त्याला मुळीच येत नव्हती. लहान वयात बँजो व गिटार हाती घेऊन तो पॅरिसच्या नृत्यगृहांत वाजवू लागला. १९२८ च्या शरद ऋतूत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या राहत्या घरगाडीला रात्री आग लागली. त्याची पत्नी विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे. त्या फुलांनी पेट घेतला असे सांगतात. जँगो वाचला, परंतु त्याचा डावा हात होरपळला. अनामिका आणि करंगळी ही दोन बोटे आखडून कायमची वाकडी झाली. तंतुवादकाचा डावा हात असा निकामी होणे म्हणजे त्याच्या विद्येचा अंत, असेच कोणीही म्हटले असते. परंतु दीड वर्षाच्या दुखण्यात त्याने उरलेल्या दोन बोटांनी नव्याने वाट शोधली. १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह ‘हॉट क्लब द फ्रान्स’चे पंचक उभे राहिले. त्यात तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक मोठे बास. ढोल नाही, तुतारी नाही. अमेरिकेतील जॅझ संगीताला युरोपात मिळालेले हे पहिले स्वतंत्र रूप होय. त्याच दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर पॅरिसच्या कारागिरांकडून आपल्या माणिकबाग प्रासादासाठी सामान घडवून आणीत होते. पॅरिस शहर त्या काळी नव्या कलेचे केंद्र होते, याची ही एक खूण म्हणावयाची. जँगो १६ मे १९५३ रोजी, अवघ्या त्रेचाळीस वर्षांचा असताना वारला.

त्याच्या मागून आलेल्या वादकांनी तबकड्या ऐकून ताना उतरविण्यास सुरुवात केली. चार निरोगी बोटांच्या वादकाने जेव्हा त्या ताना वाजवून पाहिल्या तेव्हा एक चमत्कार घडला. स्वर बिनचूक होते, परंतु ऐकण्यास ते जँगोचे वाटेनात. काही जागा तर त्या वेगात हाताखाली बसेचनात. पाठशाळेत शिकलेला गिटारवादक हाताला एका ठिकाणी स्थिर ठेवतो, चार बोटांना चार पडदे वाटून देतो आणि तारा ओलांडीत वर-खाली जातो. दोन बोटांच्या माणसाला तसे करता येत नाही. त्याला तारेच्या लांबीने धावावे लागते. त्याची तान गळपट्टीवर तिरकी चढत जाते : एका तारेवर दोन स्वर, पुढच्या तारेवर वरच्या पडद्यांशी दोन स्वर, पुन्हा पुढे तसेच. ही गोष्ट ध्यानात घेऊन त्याच ताना दोन बोटांनी मांडल्या, तेव्हा ज्या जागा अशक्य वाटत होत्या त्या सोप्या झाल्या. ते स्वर त्या क्रमाने का आले, हेही उमगले. हाताची वाट ही तानेची घडण ठरवीत होती.

ही वाट शोधण्याची रीत एखाद्या तपास-अधिकाऱ्याच्या कामासारखी आहे. प्रथम तबकडीच्या गतीची खातरजमा करावी लागते. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या तरी प्रत्यक्षात वेग कमी-अधिक असे. शेकडा सहाचा फरक पडला की सारे संगीत अर्ध्या स्वराने सरकते, आणि मग बोटांचा सगळा हिशेब एका पडद्याने चुकतो. मोकळी तार कोणत्या स्वरात आहे हे सापडले, म्हणजे पाया सापडला. मोकळ्या तारेचा नाद बोट उचलल्यावरही घुमत राहतो, त्यावरून ती ओळखता येते. दुसरी खूण नादाच्या पोताची. एकच स्वर बारीक तारेवर चकचकीत आणि जाड तारेवर भरदार, किंचित दबलेला निघतो. सरावलेला कान हा भेद पकडतो. तिसरी खूण घसिटीची. एक स्वर दुसऱ्यात घसरत गेला असेल तर ते दोन्ही एकाच तारेवर असलेच पाहिजेत. चौथी खूण फटीची. वेगवान तानेत जेथे क्षणार्धाची मोकळीक ऐकू येते, तेथे हाताने झेप घेतली असण्याचा संभव असतो. पाचवी खूण उजव्या हाताची. मानूश वादकांच्या परंपरेत नवी तार लागली की नखीचा आघात वरून खालीच करावयाचा असा दंडक आहे. त्यामुळे आघाताच्या वजनावरून तार केव्हा बदलली याचा अंदाज बांधता येतो.

पूर्वीचे शिकाऊ वादक तबकडी अर्ध्या वेगाने फिरवीत. तसे केल्यास स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो. तान सुटी होते, परंतु नादाचा पोत बिघडतो आणि तारेची खूण पुसली जाते. आज संगणकावर स्वर न उतरविता केवळ गती कमी करता येते, त्यामुळे ही अडचण बरीच दूर झाली आहे. तरीही पुरावा तो पुरावाच, साक्षात्कार नव्हे. सुदैवाने १९३८-३९ च्या सुमाराचा एक छोटा चित्रपट उपलब्ध आहे. त्यात जँगोचा डावा हात जवळून दिसतो. तर्जनी आणि मध्यमा तारांवर भराभर धावतात, आखडलेली दोन बोटे बाजूस राहतात. या बोटांचा तो अगदीच उपयोग करीत नसे असेही नाही : स्वरसंघात धरताना बारीक तारांवर तो ती टेकवी, आणि जाड तारेसाठी अंगठा गळपट्टीवरून पुढे आणी. कानाने बांधलेले पुष्कळसे अंदाज त्या काही क्षणांच्या चित्राने पक्के केले, आणि काही मोडीतही काढले.

हिंदुस्थानी वाद्यसंगीत जाणणाऱ्यास या हकिकतीत एक गोष्ट विशेष जाणवेल. युरोपीय गिटारवादकाला जे अपंगत्व वाटले, ती आपल्याकडे रीतच आहे. सतारवादकाच्या डाव्या हाताची बहुतेक सारी कामगिरी तर्जनी आणि मध्यमा हीच दोन बोटे करतात. तोही एका मुख्य तारेच्या लांबीने वर-खाली धावतो. आग न लागता, हात न भाजता, आपल्या वादकांनी हा मार्ग शतकानुशतके पसंत केला. कारण तारेच्या लांबीने गेल्याने स्वर स्वराला चिकटून राहतो, आणि गायनाचा अखंडपणा वाद्यात येतो.

परंतु सतारीतही कोडे आहेच, आणि ते गिटारहून अवघड आहे. सतारीवर एका पडद्याशी तार खेचून वरचे चार-पाच स्वर काढता येतात. तेव्हा ऐकू आलेला पंचम हा पंचमाच्याच पडद्याशी वाजला, की मध्यमाच्या पडद्याशी तार खेचून, की गांधाराच्या? तिन्हींचा स्वर एक, परंतु रस वेगळा. सरळ पडद्याचा स्वर स्वच्छ आणि ठाम असतो; खेचून आणलेल्या स्वरात प्रवासाची ओल राहते. इटाव्याचे सतारवादक इमदादखाँ यांचे वादन विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तबकड्यांवर आले. बंदेअलीखाँच्या विद्येचा लाभ त्यांना झाला होता, आणि उत्तर आयुष्यात होळकरांच्या इंदूर दरबाराचा आश्रयही मिळाला. त्यांच्या तबकड्या आजही ऐकता येतात. परंतु त्या ऐकताना डाव्या हाताची जी कोडी पडतात, त्यांची उकल त्यांच्या घराण्यातील जिवंत हातांकडे पाहूनच होते. आजोबांच्या तबकडीवरील मींड नातवाच्या बोटांत वाचावी लागते.

इंदूरच्या बीनेची दुसरी एक धारा तर थेट जॅझ संगीताच्या आणि गिटारच्या दारापर्यंत गेली. इंदूरचे बीनकार बाबूखाँ यांच्याकडून जावऱ्याच्या एका मुलाने आरंभीची तालीम घेतली; तो मुलगा म्हणजे पुढे मुंबईत नावारूपास आलेले सतारवादक अब्दुल हलीम जाफरखाँ. त्यांचा जन्म १९२७ चा. त्यांनी घडविलेल्या वादनपद्धतीस ‘जाफरखानी बाज’ असे नाव पडले. उजव्या हाताचा आघात थोडा, आणि त्या एका आघातातून डाव्या हाताच्या बोटांनी काढलेले स्वर अनेक, हा या बाजाचा विशेष. म्हणजे येथे बोट हे स्वर शोधण्याचे केवळ साधन राहिले नाही. बाजाची ओळखच बोटांवर उभी राहिली. १९५८ साली अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक मुंबईस आला असता हलीम जाफरखाँनी त्याच्यासह वादन केले, आणि १९६३ साली इंग्रज गिटारवादक ज्युलियन ब्रीम याच्याबरोबरही. २०१७ च्या जानेवारीत ते पैगंबरवासी झाले. त्यांचा बाज केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून उतरवू पाहणाऱ्यास जँगोच्या अभ्यासकांसारखीच वाट चालावी लागेल : स्वर मोजावे लागतील, आघात मोजावे लागतील, आणि स्वरांतून आघात वजा केल्यावर जे उरते ते डाव्या बोटांचे काम म्हणून ओळखावे लागेल.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वाजवी आहे. जँगोने दोन बोटे वापरली ती नाइलाजाने. ज्याची चारही बोटे धड आहेत त्याने एका जळालेल्या हाताची नक्कल का करावी? श्रोत्याला स्वराशी कर्तव्य. तो कोणत्या बोटाने निघाला याची चौकशी कोण करतो? गुरूची खोड म्हणजे विद्या नव्हे, हे आपल्याकडेही जाणत्यांनी वारंवार सांगितले आहे. गुरूचे तोंड वेडेवाकडे होते म्हणून शिष्याने तसे करणे हास्यास्पदच होय.

या आक्षेपाचे उत्तर बंदेअलीखाँच्या शिष्यपरंपरेत मिळते. त्यांच्यापाशी शिकलेले सारे बीनकार झाले नाहीत. देवासचे रजबअलीखाँ बीन शिकले, परंतु गायक म्हणून गाजले. किर्लोस्कर नाटक मंडळी इंदुरास आली असता तीमधील एका गोड गळ्याच्या मुलावर खाँसाहेबांची मर्जी बसली आणि त्यांनी त्याला शिष्य केले. तो मुलगा म्हणजे पुढील काळचे गायनाचार्य भास्करबुवा बखले. गळ्याला ना तार, ना पडदा, ना बोट. तरीही बीनेतून गळ्यात काहीतरी उतरले. ते काय असेल? बोटांची जागा उतरली नाही, हे उघड आहे. बोटांमुळे स्वरांना जी चाल मिळाली होती ती उतरली : एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणे, एका आघाताच्या श्वासात स्वरांची माळ ओवणे, थांबण्याची जागा आधीच हेरून ठेवणे. बोट हे त्या चालीचे उगमस्थान होते. ज्याला उगम समजला त्याला प्रवाह दुसऱ्या पात्रातून वळविता येतो. ज्याने केवळ पाण्याचे थेंब मोजले त्याला ते साधत नाही.

जँगोच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मानूश घराण्यांतील मुले धडधाकट हातांची आहेत. तरी वडीलधाऱ्यांच्या समोर बसून, बोटांकडे पाहून ती काही ताना दोनच बोटांनी शिकतात, आणि स्वरसंघात मात्र चारही बोटांनी खुशाल धरतात. जखमेचे अनुकरण ती करीत नाहीत. जखमेने भाग पाडले म्हणून जी वाट सापडली, ती वाट चांगली निघाली, एवढ्याचसाठी ती जपतात. बोटे शोधून काढण्याचा खटाटोप सार्थ ठरतो तो यामुळे. एकदा मूळ वाट कळली, म्हणजे ती चालावी की सोडावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य वादकास मिळते. ती कळलीच नाही, तर असे स्वातंत्र्यही उरत नाही. मग तो जे वाजवितो ते निवडीने नव्हे, अज्ञानाने.

ध्वनिमुद्रणाने संगीताचे केवढे कल्याण केले हे सांगावयास नको. १९५५ साली इंदुरास आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि माळव्यातील कलावंतांचा आवाज घरोघर पोचला. बंदेअलीखाँच्या पिढीच्या नशिबी जे नव्हते ते पुढच्या पिढ्यांना लाभले. परंतु जँगोची कहाणी एक सावधगिरीची सूचना देते. नाद जपून ठेवला म्हणजे विद्या जपली गेली, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. नादाच्या पेटीला हाताची किल्ली लागते. ती किल्ली घडविणे आज अवघड राहिलेले नाही. शिकविणाऱ्याने गतीच्या वहीत स्वरांच्या वर बोटांचे आकडे घालावे. तार खेचली असेल तर ती कोणत्या पडद्यावरून, हे लिहावे. तबल्याच्या बोलाशेजारी त्याचा निकास नोंदवावा. आणि एखादा वयोवृद्ध वादक वाजवीत असेल तेव्हा यंत्राचा डोळा त्याच्या चेहऱ्यावरून काही वेळ त्याच्या डाव्या हाताकडे वळवावा. शार्ङ्गदेवाने देवगिरीस बसून हाताचे व्यापार एकेक करून नोंदविले, तेव्हा त्याच्यापाशी लेखणीखेरीज काहीच नव्हते.

बंदेअलीखाँची बीन पुन्हा ऐकू येणार नाही. तिचे स्वर कोणी उतरून ठेवले नाहीत आणि तिची बोटेही कोणी टिपली नाहीत. मात्र ज्यांचे हात आज चालते आहेत अशा वादकांच्या बाबतीत पुढील पिढीला हेच वाक्य लिहावे लागू नये, एवढे करणे आपल्या हाती आहे.